चार पानांवरून दोन पानांवर

नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा माझा रेझ्युमे चार पानांचा होता. गोदामात साठ्याच्या नोंदी ठेवण्यापासून सुरुवात, मग खरेदी विभाग, मग पुरवठ्याचं नियोजन, असं पंधराएक वर्षांचं काम त्यात होतं. दर नव्या जबाबदारीबरोबर त्यात चार ओळींची भर पडत गेली होती. त्यातलं सगळं खरं होतं आणि सगळं मी स्वतः केलेलं होतं. त्यामुळेच एखादी ओळ काढायला हात धजत नव्हता. पण अर्ज पाठवण्याआधी हा कागद किती लांबीचा ठेवायचा हे ठरवणं भाग होतं. ते कसं ठरवलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण बरीच वर्षं काम केलेली ओळखीतली कितीतरी माणसं नेमकी इथेच अडकलेली मी पाहिली आहेत.

विचारायला गेलं की सल्ले भरपूर मिळतात. एक पान म्हणजे एकच पान, असं काहीजण ठामपणे सांगतात. दहा वर्षांच्या आत एक आणि पुढे दोन, असा काहींचा हिशोब असतो. अनुभव दाखवायचा तर पानं कशाला मोजायची, असंही ऐकलं. या सल्ल्यांमागे आधार काय, ते मी शोधायला लागले. ‘सहा सेकंद’ हा आकडा सगळीकडे दिसतो. तो ‘द लॅडर्स’ या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीतून आला. रिक्रूटरची नजर कागदावर कुठे आणि किती वेळ थांबते, हे त्यांनी मोजलं होतं. २०१८ मध्ये त्यांनीच पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या नजरेचा सरासरी वेळ ७.४ सेकंद निघाला. याच्या उलट टोकाला ‘रेझ्युमेगो’ या रेझ्युमे लिहून देणाऱ्या कंपनीचा २०१८ चा प्रयोग आहे. त्यात भरती करणाऱ्यांनी एका पानाच्या रेझ्युमेपेक्षा दोन पानांचा रेझ्युमे २.३ पट जास्त वेळा निवडला.

दोन्ही कंपन्या याच व्यवसायातल्या, त्यामुळे त्यांच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विसंबणार नव्हते. तरी लॅडर्सच्या पाहणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. त्या पहिल्या नजरेतला बहुतेक वेळ नाव, सध्याचं पद आणि कंपनी, त्याआधीचं पद आणि कंपनी, तिथल्या तारखा आणि शिक्षण एवढ्यावरच जातो. म्हणजे ते सहा-सात सेकंद सांगतात ते पहिल्या पानाच्या वरच्या भागाबद्दल. दुसरं पान असावं की नसावं, याबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. एका पानाचा आग्रह धरणारे हाच आकडा पुढे करतात, हे मला पटलं नाही.

माझी एक जुनी सहकारी आता भरतीचंच काम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, “अगं, पानं कोण मोजतंय! पहिल्या अर्ध्या पानात मला कळायला हवं की तू कोण आणि या जागेसाठी कशाला अर्ज करते आहेस. ते कळलं की मी खाली जाते. नाही कळलं तर एक पानसुद्धा जास्त होतं.” मग ती सहज बोलून गेली, “आणि मुलाखत घेणारे वेगळेच असतात, हे विसरू नकोस. ते आदल्या दिवशी प्रिंट काढतात, पेन घेऊन बसतात, खुणा करतात.”

या वाक्याने माझा प्रश्नच बदलला. तोवर मी एकाच वाचकाचा विचार करत होते. प्रत्यक्षात तोच कागद दोन माणसं वाचतात आणि दोघांची वाचायची रीत पूर्ण वेगळी असते. पहिला ढिगातून निवडतो, त्याच्याकडे वेळ नसतो, अनेकदा त्याला माझ्या कामाचे बारकावे माहीत नसतात. दुसरा माझ्याच क्षेत्रातला असतो, सावकाश वाचतो आणि त्यातून मला काय विचारायचं ते ठरवतो. पहिल्यासाठी अर्धं पान पुरतं. उरलेला कागद दुसऱ्यासाठी असतो. म्हणजे किती पानं, हा प्रश्न मी असा मांडायला हवा होता: समोर बसून मला कशाबद्दल विचारलं जावं असं मला वाटतं?

त्यावरून माझी कसोटी ठरली. रेझ्युमेतली प्रत्येक ओळ म्हणजे मुलाखत घेणाऱ्याला दिलेलं आमंत्रण. या ओळीवर कोणी बोट ठेवलं तर मला पाच मिनिटं मुद्द्याचं बोलता येईल का? आणि मी बोलले तर ते या जागेच्या उपयोगाचं असेल का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच ओळ राहील. लांबी या छाननीनंतर जी निघेल ती. चारही पानांच्या प्रिंट काढल्या, शेजारी पुरवठा नियोजनाच्या त्या जागेची जाहिरात ठेवली आणि एकेक ओळ घेऊन बसले.

पहिल्या फेरीत सोपं ते गेलं. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद, ‘विनंतीनुसार संदर्भ देऊ’ ही ओळ, शाळेतले गुण. ‘मेहनती’, ‘संघभावना असलेली’, ‘दबावाखाली काम करू शकणारी’ ही विशेषणंही गेली, कारण त्यांवर बोलण्यासारखं काहीच नसतं. वर्ड आणि ईमेल येतं हेही पंधरा वर्षांच्या अनुभवानंतर सांगायची गरज नव्हती. एवढ्यानेच अर्धं पान मोकळं झालं.

दुसरी फेरी पुनरुक्तीची. तिन्ही नोकऱ्यांखाली मी ‘पुरवठादारांशी समन्वय’ लिहिलं होतं. काम तिन्हीकडे केलं होतं हे खरं, पण तिसऱ्यांदा वाचणाऱ्याला त्यातून नवीन काय मिळणार? तिन्ही ओळी समोर ठेवल्या आणि सर्वांत अवघड प्रसंग कुठला होता ते आठवलं. मधल्या कंपनीत एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेल्या सुट्या भागांसाठी मी दुसरा पुरवठादार उभा केला होता. नमुने मागवणं, तपासणी, दराची बोलणी, पहिल्या मालाची पडताळणी, सगळं. तेवढीच ओळ ठेवली आणि ती नेमकी लिहिली: ‘एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेल्या महत्त्वाच्या भागांसाठी पर्यायी पुरवठादार शोधून, तपासून, नियमित पुरवठा सुरू केला.’ आधीच्या तीन ओळींपेक्षा ही एक ओळ कितीतरी जास्त बोलते. अशी छाटणी करताना रेझ्युमे लहान होतो आणि माणूस मोठा दिसतो, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

अशाच रीतीने ‘साठा नियंत्रणाची जबाबदारी सांभाळली’ ही ओळ बदलली. जबाबदारी होती हे माझ्या पदनामावरूनच कळत होतं. मी नेमकं काय केलं होतं? वर्षातून एकदाच होणारी संपूर्ण मोजणी बंद करून रोज थोडे थोडे कप्पे मोजायची पद्धत आणली होती. त्यामुळे नोंदीतला आणि प्रत्यक्ष साठ्यातला फरक वर्षअखेरीला एकदम अंगावर येण्याऐवजी आठवड्याच्या आत सापडायला लागला. ओळ थोडी लांबली, पण ठेवली. लांबी कमी करायची म्हणून चांगली ओळ खुडायची नाही, एवढं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

खरा त्रास तिसऱ्या फेरीत झाला. पहिल्या नोकरीचं जवळजवळ एक पान होतं. रात्रपाळीतली मोजणी, कागदी नोंदवह्यांमधून संगणकावर आणलेला सगळा साठा, नव्या मुलांना बारकोड स्कॅनर शिकवणं. माझ्या हातांनी मी हे काम शिकले ते तिथे. आज पुरवठ्याचं नियोजन करताना कागदावरचा आकडा आणि फळीवरचा माल यांत अंतर असू शकतं, हे मला हाडामांसात ठाऊक आहे ते त्या वर्षांमुळे. पण मुलाखत घेणारा त्यावर बोट ठेवेल का? नियोजनाच्या जागेसाठी बहुधा नाही. आणि ठेवलंच तर माझी पाच मिनिटं बारकोड स्कॅनरमध्ये जातील, जी मला मागणीच्या अंदाजावर बोलायला हवी होती. हा दुसरा विचार निर्णायक ठरला. मुलाखत तासाभराची असते. जुन्या कामाबद्दल बोलण्यात गेलेला वेळ नव्या कामातून वजा होतो.

शेवटी त्या पानाच्या दोन ओळी केल्या. एकीत पद, कंपनी आणि वर्षं. दुसरीत ‘गोदामातील प्रत्यक्ष साठा व्यवस्थापन, कागदी नोंदींचं संगणकीकरण.’ दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं काम थोडक्यात लिहावं असा सर्वसाधारण सल्ला असतो. मी मात्र वर्षं मोजली नाहीत. जुनं काम आजच्या जागेसाठी पुरावा ठरत असेल तर ते विस्ताराने यावं आणि मागच्या वर्षीचं काम पुरावा ठरत नसेल तर ते एका ओळीत आटपावं, असं मला वाटतं.

याच सुमारास लिओनार्दो दा विंची यांचं एक पत्र वाचनात आलं. साधारण १४८२ मध्ये, वयाच्या तिशीत, त्यांनी मिलानचे सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यांच्याकडे काम मागण्यासाठी ते तयार केलं. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे आणि अनेकजण त्याला जगातला पहिला रेझ्युमे म्हणतात. तो मान खरा मानायचा की नाही हे बाजूला ठेवू. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी एकेक मुद्दा युद्धाचा: वाहून नेता येतील असे हलके पूल, खंदकातलं पाणी काढण्याची युक्ती, तोफा, झाकलेले रथ. मग शांततेच्या काळात इमारती आणि पाण्याचे मार्ग. शिल्प आणि चित्रकला अगदी शेवटी, आणि तीही थोडक्यात. तोवर फ्लॉरेन्समध्ये त्यांची चित्रं झालेली होती. पण वाचणारा युद्धाच्या तयारीत होता, म्हणून त्याला हवं ते वर आणि विस्ताराने आलं. स्वतःची सर्वांत मोठी कला एवढ्याशा जागेत बसवणाऱ्या त्या पत्राने मला माझ्या पहिल्या नोकरीच्या पानाबद्दल धीर दिला, हे अगदी मनापासून सांगते.

छाटणी झाल्यावर जे उरलं ते पावणेदोन पानांच्या आसपास होतं. मग मी ते एका पानात बसवून पाहिलं, कारण एका पानाचा सल्ला देणारे अनेकजण अनुभवी होते. फॉन्ट ९ वर आणला, मार्जिन अरुंद केली, प्रत्येक नोकरीखाली एकेकच ओळ ठेवली. बसलं. पण वाचून पाहिलं तर माझी सर्वांत जमेची बाजू गायब झाली होती. गोदाम, खरेदी आणि नियोजन या तिन्ही खुर्च्यांवर बसलेली माणसं फार नसतात. एका विभागाच्या निर्णयाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो हे मला आतून माहीत आहे, आणि ते दिसायला प्रत्येक टप्प्यावर निदान तीन-चार ओळी लागत होत्या. एका पानात उरली ती फक्त पदनामं. शिवाय ९ आकाराची अक्षरं वाचायला डोळे ताणावे लागत होते. जागा वाचवण्यासाठी अक्षरं बारीक करणं म्हणजे वाचणाऱ्यावर भार टाकणं. मुख्य मजकूर १० च्या खाली नेऊ नये, ११ असला तर उत्तम, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

नुकतंच शिक्षण संपलेल्या माझ्या भाच्याला मात्र मी न विचारता एकच पान करायला सांगितलं. त्याच्याकडे बोलण्यासारख्या सात-आठ ओळी होत्या, त्या एका पानात ऐसपैस बसल्या. कसोटी तीच, लांबी निराळी.

दोन पानं नक्की झाल्यावर एक वेगळीच अडचण आली. दुसरं पान पाऊण भरून संपत होतं आणि उरलेली जागा भरून काढायचा मोह होत होता. काढलेल्या ओळी खुणावायला लागल्या. मी भरलं नाही. दुसरं पान निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर ते नीट दिसतं. पुढच्या पानावर फक्त तीन-चार ओळी सांडत असतील तर मात्र त्या वर ओढून घ्याव्यात, कारण तेवढ्यासाठी पान उलटणाऱ्याला हाती काही लागत नाही. पान कुठे तुटतं हेही पाहिलं. एका नोकरीचं शीर्षक पहिल्या पानाच्या तळाशी आणि तिचा मजकूर दुसऱ्यावर, असं होऊ दिलं नाही. दुसऱ्या पानावर नाव आणि पानाचा क्रमांक टाकला, कारण प्रिंट काढल्यावर पानं सुटी होतात.

कागदाच्या मापाचा मुद्दा मला एका सहकाऱ्याने दाखवला आणि तो फार उपयोगी आहे. जगात बहुतेक ठिकाणी ए-४ कागद चालतो, २१० बाय २९७ मिलिमीटरचा. अमेरिका आणि कॅनडात लेटर कागद, साधारण २१६ बाय २७९ मिलिमीटर. म्हणजे उंचीला १८ मिलिमीटर कमी, ११ च्या फॉन्टमध्ये तीन-चार ओळींइतकी जागा. ए-४ वर शेवटच्या ओळीपर्यंत ठासून बसवलेली वर्ड फाइल तिकडे लेटरच्या मापावर आणली की शेवटच्या ओळी पुढच्या पानावर जाऊ शकतात. तळाला थोडी जागा मोकळी ठेवली आणि जिथे चालेल तिथे पीडीएफच पाठवली.

आता बहुतेक अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून जातात. त्याला सगळे एटीएस, म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम, म्हणतात. एटीएसमुळे रेझ्युमे एकाच पानाचा हवा, असं काहीजण सांगतात. त्यात तथ्य नाही. ते फाइलमधला मजकूर काढून घेतं, त्याला पानाशी देणंघेणं नसतं. त्याला अडचण येते ती मांडणीची. दोन रकाने, मजकुराच्या चौकटी, कोष्टकं यांमुळे ओळींची सरमिसळ होऊ शकते आणि हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर काही प्रणाली उचलतच नाहीत. जागा वाचते म्हणून मी दोन रकान्यांचं एक देखणं टेम्प्लेट घेतलं होतं. त्याच्या पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला, तर डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या नोकरीच्या मधोमध घुसलेली. लगेच साधी एका रकान्याची मांडणी केली. त्याने सातआठ ओळी वाढल्या, तरी दोन पानांच्या आतच राहिलं. ही नोटपॅडची चाचणी प्रत्येकाने करावी, दोन मिनिटांचं काम आहे.

जिथे नियमच ठरलेला असतो तिथे अर्थात आपली कसोटी दुय्यम. अमेरिकेतल्या संघराज्य सरकारच्या नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं चार-पाच पानी, कधी त्याहून लांब रेझ्युमे जात. २०२५ च्या सप्टेंबरपासून तिथे दोन पानांची मर्यादा आली. तिथल्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडे संशोधनासाठी निधी मागताना जोडायच्या परिचयाला अनेक वर्षं पाच पानांची मर्यादा होती. आणि प्राध्यापकांच्या सीव्हीत प्रत्येक शोधनिबंध, प्रत्येक परिषद लिहायचीच असते, तो वीस पानांचा झाला तरी कोणाला खटकत नाही. माझी विद्यापीठात शिकवणारी मैत्रीण माझी छाटणी पाहून घाबरलीच होती. तिच्या क्षेत्रात काढलेली ओळ म्हणजे न केलेलं काम.

चार पानांची मूळ फाइल मी फेकली नाही. उलट ती आता आणखी लांब झाली आहे. तिथे सगळं राहतं: तारखा, प्रकल्प, आकडे, कोणत्या प्रणालीवर काम केलं, प्रशिक्षणं. नवी जागा दिसली की जाहिरात शेजारी घेऊन त्यातून दोन पानं काढायची. यामुळे कापताना जीवही कमी जळतो, कारण ओळ जात नाही, फक्त या वेळी थांबते. खरेदी विभागाच्या एका जागेसाठी मी दुसऱ्या ओळी वर आणल्या होत्या आणि दराच्या वाटाघाटींना जास्त जागा दिली होती. दोन्ही कागद माझेच, दोन्ही खरे.

ज्या कंपनीत पुढे निवड झाली तिथल्या मुलाखतीत पॅनेलमधल्या एका बाईंच्या हातात माझी प्रिंट होती. पर्यायी पुरवठादाराच्या ओळीखाली त्यांनी पेनने रेघ मारलेली मला समोरून दिसत होती. पहिला प्रश्न त्यावरच आला आणि मी बोलत राहिले. तपासणीत नमुने कसे निवडले, जुन्या पुरवठादाराशी संबंध कसे टिकवले, असे एकातून एक प्रश्न निघत गेले. मागणीच्या अंदाजावरही भरपूर बोलणं झालं. निघताना त्या म्हणाल्या, “तुम्ही गोदामातही होतात असं दिसतंय, त्याबद्दल पुढच्या फेरीत आमच्या कामकाज प्रमुखांना ऐकायला आवडेल. प्रकल्पांची सविस्तर यादी पाठवाल का?” घरी येऊन मूळ फाइलमधून गोदामातल्या कामांसकट एका पानाची वेगळी यादी केली आणि ईमेलला जोडली. रेझ्युमेला हात लावला नाही.